तीन मजली केक आणि जाडीच्या स्प्रिंगा

एवेलिओचा जीव दोघींवर होता, आणि त्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. एक त्याची बायको ओब्दूलिया आणि दुसरी जाडी. जाडी म्हणजे त्याची चोपन्न सालची हिरवी मोटार. पाल्मिरा गाव ते सिएनफुएगोस शहर अशा रोज चार फेऱ्या, तीन रांगांच्या सीटवर आठ उतारू कोंबून. गेली एकवीस वर्षं त्याचा हाच उद्योग.

भांडण लागलं ते केकवरून. ओब्दूलियाच्या हातचा मेरेंगचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या गोड फेसाचा केक साऱ्या पाल्मिरात नावाजलेला. सहा वर्षांपूर्वी असाच एक केक घेऊन दोघं निघाले आणि रेल्वे फाटकाच्या खड्ड्यात जाडी अशी काही उधळली की केकचा वरचा मजला थेट ओब्दूलियाच्या मांडीवर येऊन बसला. नवा निळा झगा, त्यावर गुलाबी मेरेंग! बाई तिथेच खाली उतरल्या.

"ही तुझी म्हैस डुकरं वाहायला ठीक आहे," ती म्हणाली. "मी आणि माझा केक पुन्हा हिच्यात पाऊल टाकणार नाही."

सहा वर्षं तिनं शब्द पाळला. केक जायचे रेमिहिओच्या घोडागाडीतून. तो रेमिहिओ तरी गप्प बसावा! रोज सकाळी एवेलिओच्या दारावरून जाताना मुद्दाम लगाम खेचायचा आणि ओरडायचा, "काय एवेलिओ, केक न्यायचा असला तर सांग रे!" एवेलिओच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या मे महिन्यात ओब्दूलियाच्या भाचीचं लग्न ठरलं, सिएनफुएगोसला, शनिवारी. केक तीन मजली. घोडागाडीला तीन तास लागणार आणि मे महिन्याच्या उन्हात तीन तासांत मेरेंगचं काय होतं हे ओब्दूलियाला कुणी सांगायला नको होतं. एवेलिओनं संधी साधली.

"शनिवारच्या आत जाडी नीट केली तर?"

ओब्दूलियानं हाताला लागलेलं पीठ झटकलं. "मागच्या वर्षी पण नीट करणार होतास."

"या वेळी नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप. सगळं माझ्या हातानं."

"मग मी सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवीन. फाटक ओलांडून परत यायचं. एक थेंब सांडला तर रेमिहिओ."

"आणि नाही सांडला तर?"

"तर केक येईल," ती पिठाकडे वळत म्हणाली, "आणि मीही."

आता नव्या स्प्रिंगा म्हणजे कुठल्या नव्या? जाडीच्या स्प्रिंगा बनवणारे लोक कधीच मातीत गेले असतील. पण शेजारचा बासिलिओ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेला माणूस. उसाची गाडी नुसती बघून वजन सांगायचा, माणसाचंही सांगायचा, आणि म्हणून बायका त्याला टाळायच्या. त्यानं कारखान्याच्या मोडीत निघालेल्या छोट्या बसच्या स्प्रिंगा आणि चार शॉकअप मिळवून दिले.

"आठ उतारू, सरासरी सत्तर किलो," बासिलिओनं डोळे मिटून हिशेब केला. "पाचशे साठ. दोन वेटोळी काप. त्या वजनाला बरोबर बसेल."

एवेलिओनं दोन वेटोळी कापली. गुरुवारी सकाळी ॲव्होकाडोच्या झाडाखाली जाडी जॅकवर चढली, खाली लाकडाचे ठोकळे लागले आणि अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन बघायला बसली. जुने शॉकअप निघाले तेव्हा एवेलिओनं एकाचा दांडा ओढला, तर तो बिचारा कुरकुर न करता बाहेर आला आणि तसाच लोंबत राहिला. त्यात तेल नव्हतं, जोर नव्हता, काही म्हणता काही नव्हतं.

खरी कसरत पुढच्या स्प्रिंगांची. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचं टाळकं घेऊन जाते. एवेलिओनं प्रत्येक स्प्रिंगला साखळी गुंडाळली, खालच्या दांड्याला जॅक लावला आणि बोटभर, बोटभर करत तो सोडत गेला. जुनी स्प्रिंग शेवटी धप्पकन खाली पडली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. नवी बसवायला दुपार गेली. शॉकअपच्या टोकाचे रबर कुजले होते, ते त्यानं ट्रकच्या जुन्या टायरमधून कापले. संध्याकाळी तो उठला तेव्हा पाठ वाकलेली, नाकाला ग्रीस आणि तोंडभर हसू. जाडीचं नाक मात्र जरा वर आलं होतं.

"तोरा आलाय हिला," बासिलिओ म्हणाला.

शुक्रवारी सकाळी ओब्दूलिया पातेलं घेऊन आली. मधल्या सीटवर ठेवलं, काठोकाठ भरलं आणि दारात जाऊन उभी राहिली. रेमिहिओ घोडागाडी लावून तयारच होता, तमाशा बघायला.

एवेलिओ निघाला. कोपऱ्यापर्यंत जाडी ठीक चालली. मग पहिला खड्डा आला आणि काय सांगू, ती बसलीच नाही! टणकन उडाली. दुसऱ्या खड्ड्यात आणखी उडाली. फाटकावर तर पातेलंच उठलं आणि उपडं पडलं. परत आला तेव्हा दारातून पाणी ठिबकत होतं.

"सीटला आंघोळ घातलीस वाटतं," ओब्दूलिया म्हणाली.

रेमिहिओ इतका हसला की घोडा बिचकला. एवेलिओ पायरीवर बसला. तो रडला नाही, पण रडू फार लांब नव्हतं. त्याला केकचं तितकं दुःख नव्हतं. सहा वर्षं जाडीच्या आरशात परक्यांची तोंडं बघितली होती, तिचं एकदाही नाही.

बासिलिओ जाडीभोवती एक फेरी मारून आला. "आत कोण कोण होतं?"

"कोण असणार? पातेलं होतं."

"म्हणजे रिकामी?" बासिलिओनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवांनो! गाढवांनो म्हणजे मीही. स्प्रिंगा पाचशे साठ किलोंच्या आणि तू तिला रिकामी पळवलीस!"

पण त्यांचा तरी काय दोष? पाल्मिरात रिकामी मोटार कुणी पाहिली आहे? जाडी रिकामी पळेल हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

"वजन भरू या," बासिलिओ उठला आणि गल्लीकडे वळला. "पण केक मधल्या सीटवर, म्हणजे तिथे एकच माणूस मावेल. तेव्हा जड माणसं हवीत! सेनोविआ, ये. नव्वद."

"मेल्या, ब्याऐंशी!" सेनोविआ ओरडली, पण आली, कारण तिला लग्नाचं आमंत्रण होतं. तिचे दोघे धिप्पाड भाऊ आले. बासिलिओ स्वतः एकशे तीस होता. लग्नासाठी कापलेलं डुक्कर डिकीत गेलं. मग बासिलिओनं बोट दाखवलं. "रेमिहिओ, शंभर."

"माझी घोडागाडी?"

"घोडा झोपेल. बस!"

पाचवा रेमिहिओ बसला. जाडी हळूहळू खाली बसली आणि तिचं नाक सरळ झालं. पातेलं पुन्हा भरलं. या फेरीला खड्डे आले आणि गेले. पण फाटकावर जाडी किंचित हिसकली आणि सीटवर एक ओला डाग पडला. नाण्याएवढाही नसेल.

ओब्दूलियानं वाकून तो डाग बघितला.

"थेंब आहे," ती म्हणाली.

"आहे," एवेलिओ म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

बासिलिओनं घसा साफ केला. "हिशेबात एक माणूस कमी पडतोय. मधली ती जागा रिकामी आहे ना." त्यानं ओब्दूलियाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच सभ्यपणा दाखवला. "साधारण अठ्ठावन्न किलोंचं कुणी असेल तर."

ओब्दूलिया ॲप्रनला हात पुसत उभी राहिली. जाडीकडे बघितलं. मग नवऱ्याच्या कालचंच ग्रीस लागलेल्या नाकाकडे.

"त्रेसष्ट," ती म्हणाली आणि आत बसली.

त्या फेरीला पातेल्यातलं पाणी काठाबाहेर डोकावलं, थरथरलं आणि माघारी गेलं.

शनिवारी केक तिच्या शेजारी, तिचा हात केकखालच्या पाटावर, डिकीत डुक्कर आणि मागे रेमिहिओ, सुटातला. फाटक जवळ आलं तसा एवेलिओनं वेग इतका कमी केला की एक कोंबडी पुढे निघून गेली. आरशात त्याला ओब्दूलिया दिसली. त्याच निळ्या झग्यात होती.

"अरे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "जरा जोरात चालव की! मेरेंग वितळेल."