शाकाहारी घरातला कुत्रा

आमचा कुत्रा चार वर्षांचा झाला, तोवर त्याने मांस कधी पाहिलंही नव्हतं. नशिराबादला आमच्या दुकानाचं गोदाम आहे. तिथल्या वॉचमनच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि त्यातलं एक, तपकिरी, एक कान उभा नि एक पडलेला, माझे सासरे सदऱ्याच्या आत घालून जळगावला घेऊन आले. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षभरात घरात कुणी बाबूजींना हसताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते दारातून हसतच आत आले, कारण पिल्लू सदऱ्याच्या आतून त्यांना चाटत होतं. त्यामुळे मी किंवा नवऱ्याने एका शब्दाने विरोध केला नाही.

आम्ही जैन. तीन पिढ्या जळगावात हार्डवेअरचं दुकान, घरात मारवाडी, बाहेर मराठी. बाबूजी सूर्य मावळल्यावर पाण्याखेरीज काही घेत नाहीत. कुत्र्याचं खाणं त्यांच्याच हातात होतं, म्हणून तोही सूर्यास्ताच्या आत जेवून मोकळा व्हायचा. सकाळी दूध-चपाती, संध्याकाळी कढी-भात नाहीतर तुपात कुस्करलेली बाटी, आणि दुपारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं. चपाती कोरडी दिली तर तोंड फिरवायचा. तूप लावून दिली की मान्य.

गेल्या उन्हाळ्यात तो खाजवायला लागला. आधी कान, मग पोट, मग सगळं अंग. पोटाची कातडी लाल झाली, शेपटीजवळचे केस गेले. बाबूजींनी कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी घातल्या, खोबरेल तेल चोळलं. इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरं, पुन्हा तेच. रात्रंदिवस त्याच्या पंज्याची फरशीवर खर्रखर्र चाललेली असायची आणि बाबूजींच्या चेहऱ्यावरून कळायचं की खाज त्यांनाच सुटली आहे.

माझं माहेर धुळ्याचं. भावाने तिथल्या जनावरांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. एका रविवारी मी आणि नवरा कुत्र्याला गाडीत घालून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी त्याचे कान उलटून पाहिले, पोट पाहिलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

मी सगळी यादी सांगितली. बाटीपर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"गहू बंद, दूध बंद. बिस्किटाचं तर नावच काढू नका. याला मांस द्या."

"डॉक्टर, आम्ही जैन आहोत."

"तुम्हाला कुठे सांगतोय खायला? शिजवून द्या त्याला, दोन महिने. फरक दिसेल."

"आमच्या स्वयंपाकघरात नाही हो शिजवता येणार. घरात वडीलधारे आहेत."

"मग कच्चं द्या. चांगल्या दुकानातून ताजं आणायचं, धुवायचं, थोड्यापासून सुरुवात करायची. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून टाकायचं. भांडी वेगळी, हात साबणाने. पोट बिघडलं तर लगेच फोन करा."

परतताना पारोळ्याला नवरा म्हणाला, "बाबूजींना तू सांग. तुझं ऐकतात." आणि थोड्या वेळाने, "ते भांडं पण तूच धर. मला नाही जमणार." मी आयुष्यात अंडंसुद्धा हातात धरलेलं नव्हतं.

बाबूजींना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते सामायिक, म्हणजे सकाळचं ध्यान, करून उठले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, कुत्र्याकडे पाहिलं. तो तेव्हाही दारात बसून कान खाजवत होता. मग म्हणाले, "घरात नाही. मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. आणि मला दिसायला नको."

मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा हे फार सोपं निघालं. खरं अवघड पुढे होतं.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर जळगावला घर घेतलं. मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. मी कुंपणापाशी उभी राहून त्यांना अडचण सांगितली तर त्या हसायलाच लागल्या.

"घाबरू नको व माय, मी शे ना."

मांस त्या आणणार, त्यांच्याच ओट्यावर धुऊन कापणार, त्यांच्याच फ्रीजरमध्ये ठेवणार. शिजवण्याचं विचारलं तर म्हणाल्या, डॉक्टरांनी कच्चं सांगितलंय तर आता कच्चंच. मी फक्त डबा घेऊन शेडखालच्या थाळीत ओतायचं. पहिल्या दिवशी डब्यात कोंबडीच्या मानेचे तुकडे, थोडी कलेजी आणि भोपळ्याचा कीस होता. मी डोळे मिटून डबा उलटा केला आणि नळावर जाऊन तीन वेळा हात धुतले. परत येऊन पाहते तर कुत्रा थाळीपासून चार हात लांब उभा. त्याने मान पुढे करून वास घेतला, दोनदा शिंकला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

"खा," मी म्हटलं. "खा रे राजा."

भोपळा चाटला त्याने. बाकी काही नाही.

"भूक लागनी म्हंजे आपोआप खाई," अक्का कुंपणावरून म्हणाल्या. "कुत्रा शे तो."

संध्याकाळी पुन्हा तेच. पण तो मला फारसा उपाशी वाटेना. जवळ जाऊन पाहिलं तर मिशांना पिवळा भुगा. खाकऱ्याचा. मी बाबूजींच्या खोलीत गेले. ते पुस्तक वाचत होते, निदान पुस्तक उघडं होतं.

"बाबूजी, गहू बंद आहे."

"अर्धाच दिला," ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले.

मी हात जोडले. त्यांनी खाकऱ्याचा डबा कपाटावरून काढून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याने एक तुकडा तोंडात उचलला. मी आनंदाने अक्कांना हाक मारली. तेवढ्यात तो तुकडा घेऊन मोगऱ्याच्या वाफ्यात गेला, पंज्याने खड्डा केला, तुकडा आत ठेवला आणि नाकाने माती लोटून नीट बुजवून टाकला. अक्का इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मी खुरपं आणेपर्यंत बाबूजी मोगऱ्याला पाणी घालायला आले आणि त्यांच्या झारीच्या धारेखाली ते मानेचं हाड वर आलं. बाबूजी दोन पावलं मागे सरकले, झारी खाली ठेवली आणि आंघोळीला गेले. त्या दोन दिवसांतली त्यांची ती कितवी आंघोळ, हे मी मोजायचं सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते जेवायलाच बसले नाहीत. "भूक नाही," म्हणाले. पर्युषण लांब होतं, तिथीही कुठली नव्हती. पाटाजवळ कुत्रा बसला होता, पंज्यांवर हनुवटी टेकून, बाबूजींच्या हाताकडे बघत. बाबूजी उठून खिडकीशी गेले तर तोही उठून खिडकीशी. घरात दोन उपास चालू होते आणि दोन्हींचं कारण मी होते. मी नवऱ्याला दुकानात फोन केला आणि चक्क रडले. "जाऊ दे, बंद करू," तो म्हणाला. मीही तेच ठरवलं. डबा परत करायला अक्कांकडे गेले.

अक्का डबा घेईनात. माझ्याबरोबर शेडमध्ये आल्या, थाळी भरली आणि खुर्ची टाकून बसल्या. कुत्रा आला, थाळीसमोर बसला, लाळ गळत होती. लाळ गळतेय, पण खात नाही. सारखा मागच्या दाराकडे बघतोय.

"आवं, त्याले भूक शे," अक्का म्हणाल्या. "पन तो कोनी तरी वाट देखी राह्यना."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चार वर्षं दोन्ही वेळा बाबूजी त्याच्यासमोर ताटली ठेवून, पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "जीम ले बेटा." आमच्यात जेवणाला जीमणं म्हणतात. पाहुण्याला, घरच्याला, मानाने जेवायला बसवायचा तो शब्द. मी त्याला 'खा' म्हणत होते, अक्का 'खाई ले' म्हणत होत्या. त्याला आजवर खा असं कुणी म्हटलेलंच नव्हतं.

मी आत गेले. बाबूजी खिडकीशीच होते. कसं विचारावं कळेना, म्हणून सरळ सांगितलं, "तो तुमच्या शब्दासाठी थांबलाय."

मला वाटलं, मी मागू नये ते मागितलं. ज्या माणसाने ऐंशी वर्षं मुंगी वाचवत पाऊल टाकलं, त्याला मी काय म्हणायला सांगते आहे!

"मी नाही म्हटलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर नाही. चपाती सुरू करू. औषधं देत राहू."

बाहेरून खर्रखर्र आवाज आला. तो पुन्हा पोट खाजवत होता.

बाबूजींनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि मागच्या दाराने बाहेर आले. थाळीकडे पाठ केली, पेरूच्या झाडाकडे तोंड. कुत्रा उडी मारून त्यांच्यापाशी गेला, त्यांच्या पायांत घुटमळला. त्यांनी न बघता हात मागे नेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "जीम ले बेटा." आवाज इतका बारीक की मला ओठ हललेले दिसले तेवढंच.

कुत्रा थाळीपाशी गेला. एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग एक तुकडा उचलला आणि कचकन चावला.

चौथ्या की पाचव्या घासाला त्याच्या लक्षात आलं असावं की हे प्रकरण वेगळंच आहे. त्याच्या शेपटीला असा वेग मी तुपातल्या बाटीलाही पाहिला नव्हता. शेवटी तो थाळी चाटत चाटत शेडच्या भिंतीपर्यंत ढकलत गेला.

"खातोय?" बाबूजींनी पेरूच्या झाडालाच विचारलं.

"हो."

"हाड अडकणार नाही ना?"

"नाही अडकत, नाना," अक्का म्हणाल्या. त्या बाबूजींना नानाच म्हणतात. "कच्चं हाड नरम ऱ्हास. बठ्ठं खाई गया व तो!"

बाबूजी आंघोळीला गेले. बाहेर येऊन मला म्हणाले, "बीनणी, ताट वाढ." बीनणी म्हणजे सून. त्या दिवशी त्यांनी चार फुलके खाल्ले आणि पाचवा मागितला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत बाबूजी मागच्या दाराने येतात, पेरूकडे तोंड करून उभे राहतात, म्हणतात, आणि आंघोळीला जातात. या विषयावर आम्ही कधी चर्चा केली नाही. एकदाच, बाबूजींची धुळ्याची बहीण राहायला आली होती. ती सकाळी मागे कपडे वाळत घालायला गेली आणि ओरडतच आत आली. "भैया! तुमच्या अंगणात काय चाललंय हे?"

मी स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून उभी. बाबूजी शांतपणे म्हणाले, "औषध आहे त्याचं. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"कोंबडी लिहून दिली?"

"दोन वेळा. जेवणाच्या जागी." आणि माळ ओढायला बसले. आत्याबाईंनी मग दोन दिवस कपडे गच्चीवर वाळत घातले, पण जाताना कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

महिन्याभराने खाजवणं कमी झालं. शेपटीजवळ आधी मखमलीसारखी लव आली, मग खरे केस. बाबूजी रोज दुपारी चष्मा लावून, कुत्र्याला उताणा पाडून, त्याच्या पोटाची पाहणी करायचे आणि दुकानात फोन करून नवऱ्याला सांगायचे, "डाव्या बाजूला आले." माझा नवरा गिऱ्हाईकासमोर "अरे वा, डाव्या बाजूला आले!" असं म्हणायचा आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत राहायचं. मी आता डोळे उघडे ठेवून डबा ओतते. कलेजी आणि पोटा यांतला फरकही मला कळतो, हे माहेरी अजून सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा धुळ्याला जायचं होतं. या खेपेला बाबूजी म्हणाले, "मीही येतो." मागच्या सीटवर ते आणि कुत्रा. डॉक्टरांनी पोट पाहिलं, कान पाहिले, खूश झाले. "कुणी लावली सवय?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं, मी बाबूजींकडे. बाबूजी भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडे बघत होते.

मग त्यांनी घसा साफ केला. "डॉक्टरसाहेब, माझ्या हातून त्याला काहीच देता येत नाही. गहू नाही, दूध नाही. केळं चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, "चालेल की. अर्धं. रोज."

येताना पारोळ्याच्या पुढे रस्त्याकडेला केळ्यांची गाडी दिसली आणि बाबूजींनी मागून नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांब, थांब!" ते स्वतः उतरले, घड नीट पारखला, पिकलेली सहा केळी निवडली. गाडीत बसल्या बसल्या एक सोललं. कुत्र्याने वास घेतला आणि लगेच त्यांच्या मांडीवर दोन्ही पंजे ठेवले.

"अर्धं, बाबूजी," मी पुढून म्हटलं.

"ऐकलंय मी," ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून ते संपवलं. वाटणी नेमकी कशी झाली ते मला आरशात दिसलं. एरंडोल येईपर्यंत मागच्या सीटवरून दोघांचाही घोरण्याचा आवाज यायला लागला होता.