भिंतीकडे तोंड केलेल्या मासोळ्या

किसनभाऊंनी मला एकदा भरदुपारी बांबू चावायला लावला होता.

काल सकाळी ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर ‘मासोळीवाली बाई’ म्हणून सेव्ह आहे म्हणे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी चंद्रपूरला पीएचडी करत होते. विषय असा, की लाखोळीची डाळ भरडताना उरणारा चुरा, म्हणजे चुणी, खाऊ घालून रोहू मासोळी वाढते का. बाजारचं महाग खाद्य नको, घरचीच चुणी, घरचाच कोंडा. कल्पना मला फार आवडली होती. माझीच होती ना.

गावाबाहेर, कोळशाच्या खाणीच्या अंगाला एक पत्र्याची शेड. आत सिमेंटच्या सहा टाक्या. तीन दाराजवळ, तीन पश्चिमेच्या भिंतीला लागून.

दाराजवळच्यांना बाजारचं खाद्य. भिंतीकडच्यांना माझी चुणी.

किसनभाऊ तिथे रोजंदारीवर अटेंडंट होते. मार्कंड्याजवळच्या गावचे, वैनगंगेत जाळं टाकत वाढलेले.

दाराजवळच्या मासोळ्या टुणटुणीत. माझ्या मात्र वाळत चाललेल्या. चुणी तळाशी पडून सडायची.

आणि एक गोष्ट मी वहीत कधी लिहिली नाही, कारण ती कुठल्या कॉलममध्ये लिहायची तेच कळेना.

बाराला आम्ही खाद्य टाकायचो. त्याच सुमारास भिंतीकडच्या सगळ्या मासोळ्या एका रांगेत यायच्या. तोंडं भिंतीकडे. कल्ले हलताहेत की नाही अशी शंका यावी इतक्या गप्प.

मी टाकीवर टिचकी मारायची. एकही वळायची नाही.

दोन वाजता खाणीत ब्लास्टिंग व्हायचं. पत्रे खडखडायचे. मग त्या पांगायच्या.

धमाक्यानंतर घाबरल्या असत्या तर मी समजू शकले असते. या धमाक्याच्या आधी दोन तास उभ्या असायच्या.

गाइड म्हणाले, “चुणीला बुरशी लागत असेल. तो अटेंडंट नीट वाळवत नाही.”

मला पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं. सुवाच्य अक्षरात तक्रार लिहून दिली. किसनभाऊंना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

आठ दिवसांनी ते आले. सायकलला बांबू बांधलेला. मी भांडणाची तयारी केली.

“भांडाले नाई आलो बाई. मासोळ्या उपाशी मरून राह्यल्या, म्हणून आलो.”

त्यांनी बांबूचं एक टोक भिंतीकडच्या टाकीत बुडवलं. दुसरं गमछ्यानं पुसून माझ्यापुढे धरलं.

“दातात धरा.”

“काऊन?” मी चिडून त्यांच्याच भाषेत विचारलं.

“नदीत मी असंच ऐकतो. धरा त खरं.”

धरला. आधी काहीच नाही.

मग दातांत बारीक थरथर आली. दातांतून जबड्यात, जबड्यातून कानामागे. जमिनीखाली खूप खोल कुणीतरी काहीतरी घासत होतं. न थांबता.

मी बांबू सोडला. शेडमध्ये चिडीचूप. पुन्हा धरला. ते चालूच होतं.

समोर मासोळ्या रांगेत उभ्या. माझ्या लक्षात आलं, माझंही तोंड भिंतीकडेच आहे.

मग दाराजवळच्या टाकीत बांबू घालून पाहिला. तिथे काही नव्हतं.

“या तीन टाक्या खडकावर बसवल्या,” किसनभाऊ म्हणाले. “तिकडं खाणीत सुरुंग उडवाच्या आधी दोन घंटे ड्रिल मशीन चालते. खडकातून इथी येते. मासोळीचं आंगच कान राह्यते बाई. तिले घास कसा जाईन?”

मग हळूच म्हणाले, “तुमी बी त्याच भिंतीजवळ बसता. तुमी बी इथी जेवत नाई. मी रोज पाहून राह्यलो होतो.”



आई रोज बोलायची, डबा तसाच परत आणतेस म्हणून. मी उन्हाला दोष द्यायची. माझं टेबल वर्षभर पश्चिमेच्या भिंतीला लागून होतं. किसनभाऊ बाहेर मोहाच्या झाडाखाली जेवायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मासोळ्या जवळच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात सोडल्या. मातीचा तळ, तीच चुणी, तीच वेळ. तिसऱ्या दिवशी चुणी साफ.

मासोळ्यांना काय खायला दिलं ते मी ग्रॅमग्रॅम लिहीत होते. त्यांना ठेवलंय कुठे, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

प्रयोग नव्यानं केला. पीएचडी मिळाली. टाक्यांच्या जागेबद्दल थीसिसमध्ये अख्खं पान आहे, जणू मलाच सुचलं.

तक्रार मात्र मी मागे घेतली नाही.

मागे घ्यायची तर पहिलं वर्ष माझ्या चुकीनं गेलं, हे लिहून द्यावं लागलं असतं. गाइड म्हणाले, “आता कशाला?” मीही मनात तेच म्हटलं. त्या कागदामुळे किसनभाऊंना पुन्हा तिथे कुणी कामावर घेतलं नाही.

काही वर्षांनी मार्कंड्याच्या जत्रेत दिसले. मी गर्दीत सटकायला बघत होते. त्यांनीच हाक मारली.

“बाई, मासोळ्या खातेत ना आता?”

“खातात.”

“अन् तुमी?”

मी हसून मान हलवली. त्यांनी मागितला म्हणून फोन नंबर दिला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. शरम वाटली, नाही बोलले.

भाऊ, तुम्ही चुणी रोज पसरून, उलटून, नीट वाळवत होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहूनही उलटं लिहिलं.

ती तक्रार खोटी होती. आज इथे लिहून, सगळ्यांसमोर मागे घेते. तुम्ही होतात तेव्हा घेतली नाही, याची माफी मागायलाही आता उशीर झालाय.

नमस्कार, किसनभाऊ.