माघातला मुहूर्त आणि मुरारचं गार्डन

लेकीच्या लग्नाचा अल्बम घरी आलेले पाहुणे आवडीनं बघतात. "गार्डन काय सजवलं होतं हो!" असं कुणीतरी म्हणतंच. मग मी चहाचं बघतो असं सांगून आत जातो. चार वर्षं झाली, अजून तेच करतो.

लग्न कधी आणि कुठं करायचं, यावरून घरात दोन पक्ष पडले होते. एकीकडे माझी थोरली बहीण आणि माझी लेक, दुसरीकडे मी एकटा. बायको म्हणाली, तुम्ही ठरवा, मी तयारीला लागते. ताईनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. आम्ही नवराबायको दोघं नोकरीवर, त्यामुळे लेकीच्या वेण्या, डबा, पाढे सगळं तिनंच केलं. दमा तिला तरुणपणापासून. ग्वाल्हेरचा जानेवारी ती खोलीचं दार लावूनच काढायची.

"फाल्गुनात कर," ती म्हणाली. "ऊन कोवळं असतं, धुकंही सरलेलं असतं. नया बाजारातलं कार्यालय घे आणि दुपारचा मुहूर्त धर. म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं."

मला मात्र शहराच्या टोकाला, मुरारच्या पुढचं उघड्यावरचं मॅरिज गार्डन हवं होतं. आमच्या कॉलनीतली सगळी लग्नं तिकडंच लागायची. हिरवळ, झाडांवर दिव्यांच्या माळा, गोरज मुहूर्त. ते गार्डन माघातच मोकळं होतं, संक्रांतीनंतर लगेच. इंदूरच्या व्याह्यांनी तर सांगून टाकलं होतं, "तुम्ही म्हणाल ती तारीख." म्हणजे सबब सांगायला मला तेवढीही जागा नव्हती.

लेक म्हणाली, "बाबा, आत्याला ठंड में किती तकलीफ होते. हॉलमध्येच करू ना, क्या फर्क पडता है?"

"एकुलत्या एका मुलीचं लग्न मी कोंदट हॉलमध्ये लावू?" मी म्हणालो. "एका माणसाच्या खोकल्यावर तारखा ठरत नसतात."

ताई तिथंच मेथी निवडत बसली होती. "बरं," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं तिला.

दोन महिने खपून तिनं लेकीसाठी मंगलाष्टकं रचली. पाच कडवी. किला गेटच्या चढावर लेक सायकलवरून पडली होती, तेसुद्धा तिनं वृत्तात बसवलं होतं. रोज सकाळी वाफारा घेऊन ती चाल म्हणून बघायची.

लग्नाच्या दिवशी सूर्य दिसलाच नाही. दुपारी चारला हिरवळीवर दव पडल्यासारखी ओल होती आणि समोरचं फाटक धुक्यात बुडालं होतं. छत्रीसारखे गॅसचे हीटर लावले होते, पण त्यांची ऊब हातभरसुद्धा पोचत नव्हती. ताई दोन शाली पांघरून मांडवात बसली. बायको मला दोनदा म्हणाली, "त्यांना आतल्या खोलीत बसवा, फक्त मंगलाष्टकांना बोलवा." मी व्याह्यांना फोटोसाठी उभं करत होतो. "हो, हो," म्हणालो आणि विसरलो.

अंतरपाट धरला. गुरुजींनी ताईकडे माईक दिला. पहिलं कडवं तिनं खणखणीत म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यावर खोकला आला. तो माईकमधून सगळ्या गार्डनभर गेला. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकला. इंदूरची मंडळी माना वळवून बघायला लागली. ताईनं माझ्याकडे पाहिलं. जरा थांबा, असं तिला सांगायचं होतं. मला ते कळलं होतं. तरीही मी गुरुजींना हातानं खूण केली, पुढं चला.

गुरुजींनी तिच्या हातातून माईक घेतला आणि नेहमीची मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता पडल्या, बँड वाजला. अंतरपाटाआड उभ्या लेकीला काही दिसलं नव्हतं. तिनं हार घालताच विचारलं, "आत्या का थांबली?" मी म्हणालो, "दमली."

दुसऱ्या दिवशी लेकीची पाठवणी झाली आणि संध्याकाळी ताईला इस्पितळात न्यावं लागलं. न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस ती तिथं होती. तिथून बरी होऊन आली, पण जिना चढणं कायमचं सुटलं. आता तिची खोली खाली आहे.

माफी मागायला मला दीड वर्ष लागलं. एका सकाळी तिची औषधं काढून देताना मी म्हणालो, "ताई, चुकलंच माझं. फाल्गुनात करायला हवं होतं."

तिनं गोळी गिळली, पेला खाली ठेवला. "थंडीचं काय, थंडी मी सोसली असती," ती म्हणाली. "तू हात केलास ना, ते लागलं. साडेतीन कडवी राहिली होती."

"आता म्हण ना. लेकीला बोलावतो."

"नको. ती लग्नात म्हणायची असतात."

एवढं बोलून तिनं वर्तमानपत्र उघडलं. माझ्यावर रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी औषधांचा डबा आवरायला लागलो. मग तिनं चष्म्यावरून बघत विचारलं, "दुसरी गोळी जेवणाआधी की नंतर?" मी चिठ्ठी बघून सांगितलं, "नंतर."