मोटारीचा घरनंबर

आधी दिराची बाही पट्ट्यात गेली, मग हात. विहिरीवरची मोटार बंद होती म्हणूनच तो निसटलेला पट्टा चढवायला बसला होता, आणि ती आपोआप सुरू झाली. मी मेन स्विचची दांडी खाली ओढली. चाक थांबेपर्यंत दीर ओरडत होता.

"वैनी, कुनी चालू केली?" एवढंच बोलला.

चालू केली होती माझ्या नवऱ्यानं, घरात खुर्चीवर बसून. लष्करात सिग्नलला नोकरी करून ते पलूसजवळ आमच्या गावी परतले, ते घरी स्वतः कॉम्प्युटर बनवायचा असं ठरवूनच. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गावात अजून टीव्ही नव्हता. विजेचा भरवसा नसायचा. ती येईल तेव्हा कॉम्प्युटरनं मोटार चालू करावी, उसाला पाणी द्यायला कुणी जागायला नको, असा बेत होता. त्यासाठी मेन स्विचची दांडी कायम वर, म्हणजे चालूच ठेवायची, असा हुकूमही निघाला होता.

मी चौथी शिकलेली. मला त्यांनी समजावलं ते असं : मेमरी म्हणजे एक आळी. प्रत्येक घराला नंबर. घरात आकडा ठेवायचा, हवा तेव्हा बघायचा. मोटारीसाठी निराळा रस्ता कशाला, म्हणून तिलाही त्याच आळीत घर दिलं. त्या घरात एक टाकला की मोटार चालू, शून्य टाकलं की बंद.

"मशीनला कळतसुदा न्हाई, घरात आकडा ऱ्हातोय का मोटार," ते अभिमानानं सांगायचे. न कळण्याचं एवढं कौतुक मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

त्या दुपारी ते मेमरी तपासत होते. म्हणजे प्रत्येक घरात आकडा टाकायचा आणि तोच परत मिळतो का बघायचं. आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायला घेतली. मोटारीचं घर वगळायचं राहिलं, आणि तिथंही एक पडला.

"मोटार सुरू झाली!" ही माझी आरोळी ऐकून ते धावत आले. चेहरा खुललेला.

"मोटार सुरू झाली व्हय? म्हंजे पत्ता बरुबर हाय!"

मग त्यांना हात दिसला.

"व्हय दादा," दीर म्हणाला, "पत्ता बरुबर हाय. माजाच हात परक्या घरात गेला."

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं आम्ही त्याला सांगलीला नेलं. लुगडं फाडून हात आवळला होता, तरी रक्त थांबेना. वाटेत नवरा पुटपुटत होता, "एक घर तेवढं वगळायचं ऱ्हायलं. बाकी समदं नीट हुतं."

"आवं, ते डॉक्टरला सांगा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी काही ऐकून घेतलं नाही. रक्त फार गेलंय, आत्ताच काही सांगता येणार नाही, म्हणाले आणि आम्हाला बाहेर काढलं.

पुढं मोटारीची तार तोडली. तिच्या घरात यांनी छोटा बल्ब ठेवला. मेमरी तपासली की तो पेटायचा, सगळी कौतुकानं बघायची. ऊस आम्ही जागूनच भिजवला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. दीर जगला.