आमच्या घरात तसं कुणी नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. कौसल्येजवळ नाही, पोरांजवळ नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोललो. कौसल्या माझी बायको. दिवाळीच्या आधी गेली. आता घरात मी आणि धाकटी सून, आणि सून दिवसभर रानात. मग बोलायचं कुणाशी? म्हणून तुमच्याशी बोलतो. मी सातवी नापास माणूस. लिहिण्यात काही वाकडंतिकडं झालं तर चालवून घ्या.

कौसल्या अडखळायची. बोलायला गेली की पहिल्या अक्षराशीच अडायची, ओठ मिटायचे, मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं — आणि शब्द काही यायचा नाही. बघायला गेलो तेव्हा कळलं नाही. नाव विचारलं ते तिच्या मामानंच सांगून टाकलं. कळलं लग्नात, नाव घ्यायच्या वेळी. पाटावर बसली, सगळ्या बाया जमलेल्या, आणि माझं नाव काही तिच्या तोंडातून निघेना. बाया हसायला लागल्या. माझी एक आत्या म्हणाली, "आगं, नवऱ्याचं नाव हाय, गिळू नको!" शेवटी तिच्या धाकट्या बहिणीनं, शालननं, तिच्या वतीनं नाव घेतलं. परकरातली पोर होती ती तेव्हा.

मला काय वाटलं असेल? कीव? नाही. मला राग आला. आपल्याला फसवलं, आपलं हसं झालं, एवढंच डोक्यात. घरी आल्यावर मी तिला सांगितलं, चारचौघांत तोंड उघडायचं नाही. तिनं ते पाळलं. पाहुणे आले की ती गोठ्यात जायची. मी सांगायचो, आमच्या हिचा स्वभाव अबोल आहे. आणि गोठ्यात ती म्हशीशी बोलायची — घडाघडा, न अडता. मी बाहेरून ऐकलंय. म्हशीशी बोलते आणि माझ्याशी बोलता येत नाही, याचाही मला रागच यायचा. म्हैस हसत नाही, एवढं मला सुचलं नाही.

पण खरी गोष्ट ही नाही. ही सांगून मी लांबण लावतोय, तुम्हाला कळलंच असेल.

शालन हुशार निघाली. सासरे वारले तसा तिच्या शिक्षणाचा भार माझ्याकडं आला, आणि तो मी उचलला, हे खरं. नगरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाली. सुट्टीला आमच्याकडं यायची आणि आल्याबरोबर आक्काला घेऊन गोठ्यात बसायची. कुठल्या तरी पुस्तकात वाचून आली होती. शब्द ताणून म्हणायचा, आधी श्वास सोडायचा, घाई करायची नाही. मी वरून म्हणायचो, "शालन, म्हशीलाबी शिकीव, पाढे म्हणंल." ती म्हणायची, "दाजी, तुमीबी बसा की. तुमाला बी ऐकून घ्यायला शिकवते." जिभेला धार होती पोरीच्या.

आणि गुण येत होता. दोन सुट्ट्या झाल्या असतील. मी मळ्यात मोट सोडून बसलो होतो. बांधावरून हाक आली, "जेवायला या." पहिलं अक्षर जरा लांबलं, पण अडलं नाही. मी इकडंतिकडं पाहिलं, कोण बाई हाक मारतेय म्हणून. बांधावर कौसल्या. मी उठलो, हात धुतले, जेवलो.

त्याच उन्हाळ्यात शालननं सांगितलं, मुंबईला एक शिक्षण असतं. ज्यांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही, त्यांना शिकवायचं शिक्षण. बी.एस्सी.नंतर घेतात. तिच्या सरांनी अर्ज आणून दिला होता, तो तिनं भरला. जागा थोड्या. मुलाखतीला बोलावणं आलं. कौसल्येनं पुरणपोळी केली त्या दिवशी. दुष्काळाच्या आदलं साल ते, घरात अजून डाळ-गूळ होता.

तरण्या पोरीला एकटीला मुंबईला कोण पाठवणार? मी बरोबर गेलो. गाववाल्याच्या खोलीवर उतरलो, सकाळी धुतलेली टोपी घालून, ते शिक्षण जिथं द्यायचे त्या दवाखान्याच्या आवारात गेलो. व्हरांड्यात बाकं होती. तिथं एक कारकून कागद आत-बाहेर करत होता. माझं धोतर-टोपी बघून थांबला.

"पाव्हणं, कुठलं?"

"नगरकडचं. पाथर्डीच्या अलीकडं."

"आरं, मग घरचंच निघालं की! माझी सासुरवाडी सोनई."

सोनई म्हटल्यावर मी बाकावर सावरून बसलो. माझी धाकटी बहीण हिरा, तिची बोलणी त्याच वेळी सोनईच्या एका घरी चालली होती. कारकुनानं आडनाव विचारलं, मग भावकी, मग सोयरे. आपल्याकडं दोन माणसं भेटली की हे होतंच. चार घरं सांगेपर्यंत आम्ही नात्यात निघालो. हिराला बघून गेलेलं घर त्याच्या बायकोच्या चुलत्याचं. तो खूश, तंबाखू पुढं केली. मी घेतली, पण ती तोंडात जाईना.

सोयरीक जमवताना आपण घराची खोट हुडकतो. कुणाला कोड आहे का, कुणी वेडं आहे का, कुणी मुकं आहे का. भावजय अडखळते म्हणजे उद्या पोरंही तशीच निघतील, असं बोलायला लोकांना वेळ लागत नाही. सोनईकरांनाही मी सांगून ठेवलं होतं, आमच्या घरात सगळं निर्मळ.

शालनची मुलाखत झाली आणि मला आत बोलावलं. शालन अजून आतच बसलेली, तिच्यासमोर तिघं होते. मधे एक चष्म्यावाल्या बाई. चांगल्या बोलत होत्या. म्हणाल्या, मुलगी फार चांगली आहे, तुम्ही तिला इथं राहू द्याल ना? मी म्हटलं, देईन. मग हसून म्हणाल्या, "बहिणीला बोलताना अडखळायला होतं, म्हणून ह्या कामाकडं वळले, असं सांगितलं तिनं. दोन सुट्ट्या सराव करून घेतला, तेही सांगितलं. बहीण म्हणजे तुमच्या मिसेस ना? आता कसं आहे त्यांचं?"

कारकून दारातच उभा होता, हातात फायली धरून.

तुम्ही असता तर काय बोलला असता? — नाही, हे विचारायचा मला हक्क नाही. मी काय बोललो ते सांगतो.

"न्हाई बाई. आमच्या घरात तसं कुनी न्हाई. माझी बायको चांगली बोलती."

बाईंचं हसू गेलं. त्यांनी शालनकडं पाहिलं. शालननं माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, कारकुनाकडं. ती हुशार होती म्हटलं ना. सगळं तिथंच समजली.

"मग तुम्ही आम्हाला असं का सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"चुकलं माझं," शालन म्हणाली.

एवढंच. माझ्यावर खोटेपणा आणायला तिला एक शब्द पुरला असता. तिनं तो स्वतःवर घेतला. बाईंनी पुढचा कागद ओढला. जागा मिळाली नाही हे सांगायला कुणी लागलं नाही.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. मी नारायणगावला शेंगदाणे घेतले, तिच्यापुढं धरले. तिनं दोन उचलले. मला वाटलं, बरं झालं, फार मनाला लावून घेतलं नाही. असलं माझं डोकं.

घरी दारातच कौसल्या उभी. मला न विचारता तिनं शालनला विचारलं, "मिळालं?" — एका दमात, शेजारची बाई उभी असताना. शालन म्हणाली, "न्हाई गं आक्का. अभ्यास कमी पडला." मी मोरीवर पाय धूत होतो. ऐकलं. पाय धूत राहिलो.

कौसल्या रडली ती स्वतःला दोष देऊन. सुट्ट्या माझ्यापाशी घालवल्या, म्हणून पोरीचा अभ्यास बुडाला — हे तिच्या मनानं धरलं. त्यानंतर शालन आली की कौसल्या तिला जवळ बसू द्यायची नाही. हातानंच म्हणायची, जा, पुस्तक घे. सराव बंद झाला. पुढच्या सुगीपर्यंत तिचे शब्द परत अडायला लागले, आणि मग तिनं बोलायचंच कमी केलं. बांधावरून हाक यायची बंद झाली. जेवायला बोलवायला पोराला पाठवायची.

हिराचं लग्न सोनईलाच झालं. पहिल्या सणाला तिची सासू आली, तिनं कौसल्येला अडखळताना ऐकलं आणि म्हणाली, "आमच्या धाकट्या दिराचंबी असंच हाय." आणि भाकरी मोडून कालवणात कुस्करायला लागली. म्हणजे ज्याला मी भ्यालो ते एवढंच होतं. पण एवढंच नसतं, सोयरीक मोडली असती, तरी मी केलं ते काय कमी झालं असतं?

शालन मराठी शाळेत मास्तरीण झाली, तिसगावकडं. चांगला संसार केला. माझ्याशी कधी वाईट बोलली नाही. पण "दाजी, तुमीबी बसा की" असलं काही परत कधी म्हणाली नाही.

कौसल्या आजारी पडली तेव्हा शालन भेटून गेली. ती गेल्यावर दुपारी कौसल्येनं मला खूण करून खाटेजवळ बसवलं. बराच वेळ लागला तिला, मधे खोकला. मी थांबलो. ती म्हणाली, "माझ्यापायी गेलं तिचं मुंबईचं." इतक्या वर्षांत हे ती तोंडानं पहिल्यांदा बोलली. शालन तर आत्ताच एस.टी.ला गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो, कुणाची भीती नव्हती, हिराही वारलेली. मला एक वाक्य सांगायचं होतं.

मी म्हणालो, "गोळी घे."

तिनं घेतली. चार दिवसांनी ती गेली.