ब्लॉक उतरायच्या आधीची गोळी

“सोडा मला. मी हात कापून घेत न्हाई,” असं म्हणत शेवंताबाई खाटेवरून उतरली. तिच्या उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. आठ वाजता तिचं ऑपरेशन होतं आणि ती हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावकडे, आपल्या तांड्यावर परत निघाली होती.

ती घाबरली होती ती शेजारच्या खाटेमुळे. तिथं जवळा बाजारचा एक शेतकरी होता. आदल्या दिवशी त्याच्या हातात प्लेट बसवली होती. दुपारभर तो बधिर हात दुसऱ्या हातानं उचलून सगळ्यांना दाखवत हसत होता. पाच वाजता एकाएकी असा ओरडला की बाहेरची माणसं आत धावली.

मी हिंगोलीच्या त्या दवाखान्यात आया होते. हाताच्या ऑपरेशनला आमच्याकडे काखेत इंजेक्शन देत. त्याला ब्लॉक म्हणतात. हाताच्या नसा झोपतात, माणूस जागा राहतो. पण ब्लॉक उतरला की अडवून ठेवलेलं दुखणं एकदम अंगावर येतं. भूल देणाऱ्या मॅडम त्याला रिबाउंड म्हणायच्या.

त्याच सकाळी शेतकऱ्याची चादर बदलताना उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. चारातली एकच गोळी कमी होती, तीही ओरडायला लागल्यावर घेतलेली. पाकिटावर लिहिलं होतं, ‘दुखल्यास एक गोळी’. मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता येतं. म्हणजे त्यानं बराबर सांगितल्यासारखंच केलं होतं.

पाकीट घेऊन मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेले.

“मॅडम, पेशंटचं चुकत न्हाई. आपलं पाकीट चुकतंय. त्याचं ओरडणं ऐकून शेवंताबाई घरला निघाली.”

तीन वर्षांत मी त्यांच्याशी ‘व्हय मॅडम’च्या पुढे बोलले नव्हते.

मॅडमनी पाकीट वाचलं. “मी सिस्टरला सांगते ना, ब्लॉक उतरायच्या आधी द्या म्हणून.”

“सिस्टर देतात. पेशंट म्हणतो, दुखत न्हाई तर काहून खाऊ? पाकिटावर बी तेच हाय.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “आठचा ब्लॉक चार-पाचला उतरेल. एक वाजता तिला जेवू घाल आणि गोळी दे. दुसरी रात्री नऊला. दुखो न दुखो. पण मावशी, आधी तिला खाटेवर तर आण.”

शेवंताबाई दारापर्यंत पोचली होती. आमच्या गल्लीतल्या एकीचा असाच मोडलेला हात वाकडा बसला होता. तिला कळशीसुद्धा उचलता येत नव्हती. हिचा तर कापूस वेचायचा हात.

“पाव्हणे दारात आल्यावर चूल पेटवती का तू?” मी विचारलं.

“येणार म्हणलं की आधीच पेटवते.”

“मग गोळीबी आधीच खायची.”

“आन् त्या माणसावानी झालं तर?”

“मला शिव्या दे.”

“तांड्यावरच्या देईन.”

“दे.”

ती परत फिरली.

ऑपरेशन होऊन ती खाटेवर आली. एक वाजता मी तिला वरणभात भरवला. ती गोळी ओढणीच्या टोकाला बांधायला लागली. “दुखलं की खाते.”

“ओढणीला काय दुखतंय? तोंड उघड.”

चार वाजता बोटांना मुंग्या आल्या. मग करंगळी हलली. मी तिच्या खाटेखालून तिसऱ्यांदा झाडू फिरवत होते. शेतकरी उठून बसला होता. पाच वाजले. शेवंताबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या हातातला झाडू थांबला.

“शिव्या काढू का?” ती म्हणाली.

“लई दुखतं?”

“दुखतं. पण सोसवतंय. चहा आण.”

मी झाडू तिथंच टाकून पळाले. चहा आणायला नाही, मॅडमना सांगायला. चहा शेवटी शेतकऱ्याच्या बायकोनं आणून दिला.

पुढच्या आठवड्यापासून पाकिटावर वेळ लिहिलेली असायची आणि खाली ‘दुखत नसलं तरी’. तरी पेशंट विचारायचेच, काहून खाऊ? दुखणाऱ्याला गोळी द्यायला बोलावं लागत नाही. न दुखणाऱ्याला द्यायची तर फार बोलावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.