कुलूपबंद पेटीतला कॉम्प्युटर

ती तक्रार आठवली की आजही हायसं वाटतं, आणि थोडी लाजही वाटते.

लातूरमध्ये गल्लोगल्ली क्लासेस निघत होते, तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका क्लासचे संचालक तक्रारी अर्ज घेऊन आले. अनेक वर्षांचे सराव प्रश्नसंच असलेली, कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची त्यांची हार्ड डिस्क कोरी दिसत होती. संशय कॉम्प्युटर ऑपरेटर मुलीवर. त्यातच खबऱ्याचा फोन आला, ही पोरगी रोज समोरच्या क्लासच्या दारात दिसते. मला आणखी काय हवं होतं?

मुलगी किल्लारीची. तिची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा दाखल झाला असता तर सगळ्यावर पाणी पडलं असतं. मी तिला ठाण्यात बोलावलं, तेव्हा वडील सोबत होते. "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात वाढवलं हिला, साहेब. चोरी न्हाई शिकवली," एवढंच बोलून ते बाकावर बसले.

महिला हवालदाराला शेजारी बसवून मी दोन तास एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, प्रश्नसंच कुणाला विकले? समोरच्या क्लासात भाऊ शिकतो, त्याला डबा देते, असं ती सांगत होती. चौकशीत ते खरं निघालं, तरी माझा हेका सुटेना. शेवटी हवालदार बाईच म्हणाल्या, "पोरी, डिस्कला झालं तरी काय, ते सांग की."

"जोडली की दिसती, मोठी फाईल उघडली की गायब हुती. मग फॉरमॅट करायचं का, असं इचारतंय. सर म्हणायचे, हो म्हणून टाक. म्या दरवेळी नको दाबलं. हो दाबलं असतं तर सगळंच गेलं असतं."

माल विकणारी तो इतका जपेल कशाला? मी टोपी उचलली आणि सगळ्यांना घेऊन क्लास गाठला.

टेबलाखाली लाकडी पेटी, तिला भलंमोठं कुलूप, आत कॉम्प्युटर. पेपर चोरीला जातील या धास्तीने किल्ली सरांच्या खिशात. पेटीच्या भोकातून एक लांबलचक, स्वस्तातली यूएसबी एक्स्टेंशन वायर बाहेर आणलेली, आणि डिस्क तिलाच जोडायची. आमच्या ठाण्यातल्या पेन ड्राइव्हनेही अशाच वायरीवर आम्हाला छळलं होतं. मी कुलूप काढायला लावलं. मुलीने डिस्क तिच्यासोबत आलेल्या मूळच्या आखूड वायरने थेट कॉम्प्युटरच्या मागच्या सॉकेटात लावली.

सगळे प्रश्नसंच जागच्या जागी! लांब वायरीतून डिस्कला पुरेशी वीजच मिळत नव्हती. आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली, मग सरांकडून कारणासह अर्ज मागे घेतल्याचं लिहून घेतलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

माणसाला आरोपी ठरवण्याआधी वस्तू तपासावी, हे मी त्या दिवशी शिकलो. ठाण्यात परतल्यावर वडिलांसमोर त्या मुलीची माफी मागितली. नोकरीत दम पुष्कळांना दिला होता, माफी पहिल्यांदाच मागत होतो.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. बाबांना आधी चहा पाजा, सकाळपासून उपाशी हायत."